ओला हलवा

जपानी पाहुण्याला भेट द्यायची तर बरीच पथ्यं पाळावी लागतात. वस्तू चारच्या संख्येत द्यायची नाही, कारण त्यांच्यात चार हा मरणाचा आकडा. सुरी-कात्री द्यायची नाही. दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची, आणि देणाऱ्याच्या समोर उघडायची तर मुळीच नाही. रेणुकाला हे सगळं तोंडपाठ होतं. सुलतान बाजारातल्या कापडवाल्याला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, त्यामुळे त्याने जांभळ्या रेशमाचे चार चौकोन फाडून तिच्यापुढे टाकले.

"चार नक्को भाई, पाच द्या."

"चार में क्या खराबी है बाजी?"

"खराबी काही नाही. पाहुण्यांना चालत नाही."

तो हसला आणि पाचवा तुकडा फाडला. रेणुका ते रेशीम घेऊन बिदरीच्या दुकानात गेली, काळ्या धातूवर चांदीची वेल असलेले पाच डबे घेतले, आणि रिक्षात बसल्या बसल्याच ते रेशमात बांधून टाकले. बांधण्याची ती गाठ तिला तिच्या बाबांनी शिकवली होती. जपानी भाषाही त्यांनीच शिकवली होती. आणि हा सगळा खटाटोप ज्या सन्मानासाठी चालला होता, तोही खरं तर त्यांचाच होता. हे तिसरं वाक्य मनात आलं की रेणुका खिडकीबाहेर बघायला लागायची.

तिचे बाबा तातेराव. मूळचे परभणीकडचे, नोकरीनिमित्त हैदराबादला आले आणि आबिड्सच्या पोस्टात पत्रांची वर्गवारी करण्यात त्यांची हयात गेली. अडतीस वर्षांपूर्वी तिथे जपानमधल्या एका शाळेची तीस पत्रं आली. पत्ता एवढाच: हैदराबादमधल्या मुलांस. दुसऱ्या कुणी ती परत पाठवली असती. तातेराव ती घेऊन नल्लकुंट्याच्या सरकारी शाळेत गेले, विहारात येणाऱ्या एका जपानी भिक्खूंकडून वाचून घेतली, मुलांकडून उत्तरं लिहवून घेतली आणि स्वतःच्या पैशाने धाडली. मग पुढची पत्रं आली. भिक्खू गेले तेव्हा तातेराव स्वतः जपानी लिहायला शिकले होते. त्यांच्या हातांतून अकरा हजारांवर पत्रं गेली आणि आली. पोस्टात तिकिटं ओली करायला स्पंज असतो, पण हे सरकारी काम नव्हे म्हणून तातेरावांनी सरकारी स्पंजाला कधी हात लावला नाही. रोज संध्याकाळी घरी मांडीवर पाट घेऊन ते प्रत्येक तिकीट जिभेने ओलं करायचे आणि कडेला बोटभर जागा सोडून अगदी सरळ चिकटवायचे. रेणुकाच्या लहानपणी बाबांच्या श्वासाला डिंकाचा वास असायचा.

नंतर अरविंद सर आले. पुण्याचे, हैदराबादेत सॉफ्टवेअरची कंपनी, जपानी गिऱ्हाइकं. त्यांनी तातेरावांच्या कामाला मंडळाचं नाव दिलं, बसायला जागा दिली, आणि स्वतः अध्यक्ष झाले. मंडळाची बैठक त्यांच्या बंजारा हिल्सच्या घरी व्हायची. चहा सगळ्यांना चिनी मातीच्या कपात यायचा, तातेरावांना स्टीलच्या पेल्यात. त्या पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. रेणुकाने तो बारा वर्षांची असताना पाहिला आणि घरी येताना विचारलं, "बाबा, तुमच्या पेल्याला खूण कशाला?" तातेराव म्हणाले होते, "हरवू नये म्हणून." पुढे ती त्याच सरांच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागली. नोकरी चांगली होती. त्या पेल्याची आठवण आली की तिला मळमळायचं, आणि पहिल्या तारखेला ते थांबायचं.

दीड वर्षापूर्वी तातेरावांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ते नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांत खिडकीजवळच्या पलंगावर होते. आणि त्यानंतर चार महिन्यांनी जपानी वकिलातीने मंडळाला पत्र पाठवून विचारलं, की या पत्रमैत्रीमागे जी व्यक्ती आहे तिच्या कार्याचा तपशील कळवावा, सम्राटांच्या नावे सन्मान देण्याचा विचार आहे.

तो तपशील रेणुकाने लिहिला. एकोणीस पानं, शुद्ध जपानीत. अडतीस वर्षांतलं एक वर्ष सोडलं नाही. फक्त जिथे जिथे तातेरावांचं नाव यायला हवं तिथे तिथे अरविंद सरांचं नाव घातलं.

"हे बघ रेणुका," सर म्हणाले होते, "सन्मान घ्यायला उभं राहता आलं पाहिजे. ते आता स्टेजवर येणार आहेत का? मंडळाच्या वतीने मी घेतो, एवढंच. आणि ओसाकाच्या ऑफिससाठी तुझंच नाव माझ्या डोक्यात आहे."

ओसाका. बाबांनी आयुष्यभर ज्या देशाचे पत्ते लिहिले आणि जो कधी बघितला नाही, तो देश. रेणुकाने स्वतःला सांगितलं की त्यांनाही हेच आवडलं असतं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की किती गोड गळ्याने घालतो.

समारंभ शनिवारी सकाळी एका हॉटेलात झाला. सम्राटांची मुद्रा असलेलं सनदपत्र वाचून दाखवलं गेलं, उगवत्या सूर्याचं पदक सरांच्या कोटावर लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलभाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, पैठणी नेसून पहिल्या रांगेत होत्या. बिदरीचे डबे रेशमासकट दिले गेले आणि ठरल्याप्रमाणे कुणी ते उघडले नाहीत. विमलाबाईंना, रेणुकाच्या आईला, तिने सांगितलं होतं की बाबांच्या मंडळाचा सत्कार आहे. विमलाबाईंनी सकाळी नवऱ्याला धुतलेला सदरा घातला होता.

वकिलातीच्या लोकांबरोबर एक म्हातारी जपानी बाई आली होती. ती पूर्वी राजवाड्यात सेवेत होती, एवढंच रेणुकाला कळवलं होतं. राखाडी किमोनो, पांढरे केस, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ती सरांसमोर वाकली आणि रेणुकाकडे न बघता बोलू लागली. रेणुका नेहमीप्रमाणे अर्धं पाऊल मागे उभी राहून भाषांतर करत होती.

"तुमच्याकडून आलेली पाकिटं मी पाहिली आहेत," बाई म्हणाली. "तिकिटं नेहमी सरळ असत. ती पाण्याने चिकटवलेली नसत, जिभेने चिकटवलेली असत. ती जीभ कुणाची?"

असला विचित्र प्रश्न रेणुकाने सोळा वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. तिने तो मराठीत सांगितला. सर मोठ्याने हसले. "माझीच की. अजून कुणाची असणार?"

दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून 'मी' म्हणायचं असतं, तो या कामाचा पहिला नियम. रेणुकाने जपानीत सांगितलं, "माझीच."

बाईने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग बाहीतून एक गोल चांदीची डबी काढली, लिंबाएवढी, झाकणावर शेवंतीचं फूल. राजघराण्यातल्या मंगल प्रसंगी पाहुण्यांना अशा डबीतून साखरेचे खडे द्यायची तिकडे जुनी रीत आहे. बाईने ती दोन्ही हातांत धरून पुढे केली.

"ज्या जिभेने कष्ट केले, त्या जिभेला हे गोड मिळो."

रेणुकाने त्याचं सुटसुटीत मराठी केलं, "आपलं तोंड गोड व्हावं म्हणतात." सरांनी डबी एका हाताने घेतली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, उघडली.

"अगोबाई," सुलभाताई म्हणाल्या, "हा तर आपला संक्रांतीचा हलवा."

खरंच तसाच होता तो. पांढरे, काटेरी, टपोरे दाणे, डबी भरून. म्हातारी बाई खाली बघत उभी होती. समोर डबी उघडल्याचा अपमान तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही, काहीच दिसलं नाही. सरांनी एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच रुमालात काढला. "चव नाही काही," ते हळूच म्हणाले. "माती खाल्ल्यासारखं लागतंय."

बुधवारी सुलभाताईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात किळस होती.

"तू जरा येऊन जा. त्या डबीतला हलवा कुणीतरी उष्टा करतंय."

रेणुका गेली. डबी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात पदकाशेजारी ठेवलेली होती. कपाटाला कुलूप, किल्ली सुलभाताईंच्या कमरेला. त्यांनी कपाट उघडलं आणि डबी रेणुकाच्या हातात न देता टेबलावर ठेवली, बोटं पदराला पुसत.

दाणे ओले होते. दमट हवेने साखरेला पाणी सुटतं तसे नव्हेत. वरच्या थरातल्या दाण्यांचे काटे झिजून गेले होते, एकेक दाणा गुळगुळीत आणि लहान झाला होता आणि त्याच्यावर पातळ चिकट तार होती. लहान मुलाने चोखून चोखून परत तळहातावर काढलेली गोळी दिसते, तसे. रेणुकाने वास घेतला. साखरेचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक होता, तो ओळखीचा वाटला पण आठवेना.

"यादम्माच असणार," सुलभाताई म्हणाल्या. यादम्मा म्हणजे त्यांच्याकडे अकरा वर्षं भांडी घासणारी बाई. "आज सकाळीच काढून टाकलं तिला. रडत होती, मुलांच्या शपथा घेत होती. ह्या लोकांचं असंच. आपण घरात घ्यायचं आणि ह्यांनी तोंड घालायचं."

ह्या लोकांचं. रेणुका समोर बसलेली होती, आणि तिच्यासमोर असं बोलू नये हे सुलभाताईंना सुचलंही नाही. तरी रेणुका म्हणाली, "हवेने झालं असेल ताई." आणि तिला स्वतःच्या आवाजाचीही शिसारी आली.

घरी आली तर विमलाबाई दारातच उभ्या होत्या.

"तू बाबांला गोड देतीस का गं?"

"मी? कशाला देऊ? डॉक्टरांनी बंद केलंय."

"मंग शुगर कशी चढली? शनवारी एकशे सत्तर व्हती. आज तीनशे दहा. अन् तोंड बघ त्येंचं."

तातेराव खिडकीशी पडले होते. ओठ चिकट होते, कडांना पांढरी पुटं धरली होती. उशीवर लाल मुंग्यांची एक रांग चढून त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्याशी गोळा झाली होती. विमलाबाईंनी त्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. "चार दिवस झाले हे आसंच. पुसते अन् पुन्यांदा येतेत. मी यांना पेजेबिगर काहीच देत न्हाई."

बाबांची जीभ तोंडात हळूहळू फिरत होती. दीड वर्षात जी जीभ शब्द उचलू शकली नव्हती ती आता काहीतरी या गालातून त्या गालात घोळवत होती. रेणुकाने त्यांचा जबडा धरून तोंड उघडलं. आत काही नव्हतं. फक्त जीभ, पांढरीशुभ्र, आणि तिच्यावरून येणारा वास. साखरेचा, आणि त्याखाली डिंकाचा.

तो वास तिला आता आठवला. ती न्हाणीघरात गेली आणि ओकली.

रेणुका अंधश्रद्धाळू नव्हती. तिच्या घरात देव नव्हते, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि बाबांनी तिला लहानपणापासून सांगितलं होतं की जे तपासता येतं तेवढंच खरं. तिने तपासायचं ठरवलं. रविवारी शुगर तीनशे नव्वद झाली. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी चोरून देतंय, असंच चाललं तर आठवडाही निघणार नाही. विमलाबाईंनी त्या दिवशी साखरेचा डबा कुलपात ठेवला, आणि किल्ली लेकीला दिली नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रेणुका बंजारा हिल्सला गेली. सर ऑफिसला होते. तिने सुलभाताईंना म्हटलं, "वकिलातीला डबीचा फोटो हवाय. कपाट उघडू नका, काचेतूनच घेते." सुलभाताई आत निघून गेल्या. त्या हल्ली त्या खोलीत फारशा थांबत नव्हत्या.

डबी उघडीच होती. झाकण बाजूला. अर्ध्याहून जास्त दाणे संपले होते.

रेणुकाने आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फोन बाबांच्या तोंडासमोर धर."

"कायकू?"

"धर तर."

पडद्यावर बाबांचे ओठ आले. मिटलेले. जबडा स्थिर होता. काचेच्या आत वरचा दाणा कोरडा होता, सगळे काटे जागेवर.

बाबांचा जबडा हलला.

काचेआड तो दाणा हलला.

त्याला कुणी स्पर्श केला नव्हता. कपाट बंद होतं, कुलूप लावलेलं होतं. दाणा जागेवरच कुशीवर वळला आणि ओला झाला. पडद्यावर बाबांचा डावा गाल किंचित फुगला. दाणा डावीकडे लोळला. उजवा गाल फुगला. दाणा उजवीकडे आला. त्याचा एक काटा विरघळला, मग दुसरा.

"चघळतेत बघ," आईचा आवाज आला. "तोंडात काही न्हाई अन् चघळतेत."

रेणुकाने मोजलं. पाच मिनिटं लागली. दाणा मोहरीएवढा झाला, चांदीला एक ओला डाग राहिला, आणि फोनमध्ये बाबांच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली.

त्यांनी गिळलं होतं.

शेजारचा दाणा ओला व्हायला लागला.

ती सरळ ऑफिसात गेली. सरांना तिने डबीचं सांगितलं नाही, कोण ऐकणार? तिने एवढंच म्हटलं, "सर, वकिलातीला कळवूया. काम बाबांचं होतं असं लिहूया. चूक माझी म्हणून लिहिते मी."

अरविंद सरांनी पेन खाली ठेवलं. "वेड्यासारखं करू नकोस. सम्राटांच्या मुद्रेचा कागद आहे तो. परत कसा करणार? आणि तपशिलाखाली सही कुणाची आहे, आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. ती टेबलाशी परत आली आणि तिने पत्र लिहिलं. जपानीत, दीड पान. अकरा हजार पत्रं ज्यांनी लिहिली त्यांचं नाव, त्यांचा पत्ता, आणि मी खोटं बोलले, ते 'माझीच' मी म्हटलं. सही केली, पाकीट बंद केलं. आबिड्सला जाऊन तिकिटं घेतली. तिकीट लावायचं तेवढं राहिलं, कारण पाच वाजले होते आणि आईचा फोन आला.

"आज किती आली बघ," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हलका झाला होता. "एकशे साठ. अन् मुंग्या गेल्या."

रेणुका पोस्टाच्या पायरीवर बसली. पाकीट पर्समध्ये होतं. पुरावा याहून अधिक काय हवा होता? उद्या सकाळी तिकीट लावायचं आणि टाकायचं, संपलं.

बुधवारी सकाळी सरांनी बोलावलं. काल काही झालंच नाही अशा आवाजात ते म्हणाले, "ओसाकाच्या नेमणुकीवर सोमवारी सही होतेय. तीन वर्षं. आईलाही नेता येईल. बाबांसाठी तिकडे हॉस्पिटलं उत्तम आहेत. तोवर काही गडबड नको."

सोमवार. पाचच दिवस. एकदा सही झाली की पत्र टाकायला मी मोकळी, असं रेणुकाने ठरवलं. तिकडच्या हॉस्पिटलात तर बाबा बरेच होतील. पाकीट तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली.

गुरुवारी शुगर साडेतीनशे झाली. शुक्रवारी चारशे दहा. इन्शुलिन वाढवलं, उपयोग झाला नाही. मुंग्या आता पलंगाच्या पायांवरूनही चढत होत्या. विमलाबाईंनी चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तर त्या भिंतीवरून आल्या. रेणुका बाबांजवळ बसायची, त्यांचं तोंड पुसायची, आणि तिला त्यांची किळस यायची. स्वतःच्या बापाची. गोडसर लाळ हाताला लागली की ती तीनतीनदा साबण लावायची. शनिवारी दुपारी तातेरावांनी डावा हात उचलून तिच्या पर्सवर ठेवला. त्यांची नजर तिच्यावर होती आणि जीभ आत फिरत होती.

"सोमवारी बाबा," ती म्हणाली. "नक्की सोमवारी."

रविवारी सकाळी साडेनऊला ते गेले. विमलाबाई त्यांना पेज भरवायला बसल्या होत्या. त्यांनी चमचा तोंडाशी नेला तर ओठ पहिल्यांदाच कोरडे होते.

दहा वाजता सुलभाताईंचा फोन आला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "डबी रिकामी झाली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "धुऊन ठेवते डेटॉलने."

सोमवारी नेमणुकीचं पत्र ईमेलने आलं. रेणुकाने ते उघडलं, वाचलं, आणि 'आभारी आहे' असं उत्तर लिहिलं. पर्समधलं पाकीट तिथेच राहिलं. आता पाठवून काय उपयोग, असं ती स्वतःला म्हणाली. ज्यांच्यासाठी पाठवायचं तेच गेले. विहारात पुण्यानुमोदनाला मंडळाची माणसं आली, सर दोन शब्द बोलले. 'आमचे तातेराव' असं ते म्हणाले. विमलाबाईंनी त्यांना हात जोडले. रेणुकाने ते पाहिलं आणि मान फिरवली.

व्हिसाच्या कागदांवर सरांच्या सह्या हव्या होत्या म्हणून पंधरवड्याने ती बंजारा हिल्सला गेली. दुपारचे तीन वाजले होते. दार सरांनीच उघडलं. ते फार वाळले होते. पदक कपाटात नव्हतं, डबीही दिसत नव्हती. सह्या करताना ते पुन्हापुन्हा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होते.

"बरं नाही का सर?"

"पाणी जात नाही," ते म्हणाले. "जेवणही."

सुलभाताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी रेणुकाकडे पाहिलं, पण ये म्हटलं नाही. सगळी भांडी त्यांनी बाहेर काढून मांडली होती, चिनी मातीचे कप, काचेचे ग्लास, चांदीचा पेला, नातवाचा प्लास्टिकचा मग. नवीन खोकीसुद्धा फोडलेली होती.

"आत्ता दुकानातून आणलाय हा," त्या एक ग्लास पुढे करत म्हणाल्या. "सीलबंद होता. कड बघ."

ग्लासची कड ओली होती. ओठ टेकवून कुणीतरी पाणी प्यावं आणि ठेवून द्यावं तेवढीच, एका बाजूला. डिंकाचा वास येत होता.

"सगळं उष्टं आहे," सुलभाताई म्हणाल्या. "आपण प्यायच्या आधीच कुणीतरी पिऊन ठेवतंय. पंधरा दिवस झाले. हे ओंजळीने प्यायला गेले तर हातसुद्धा..." त्या थांबल्या. मग त्यांनी ग्लास उलटा केला. "आणि हे."

बुडाला लाल ठिपका होता. त्यांनी दुसरा उलटा केला, तिसरा, कप, मग, चांदीचा पेला. प्रत्येकाच्या बुडाला एकेक, मधोमध, नीट.

"मी नाही लावले," त्या म्हणाल्या. "देवाशपथ सांगते. मी एकालाच लावला होता."

रेणुका सह्या केलेले कागद घेऊन निघाली. लिफ्टमध्ये तिच्या मनात आलं ते दुःख नव्हतं आणि भीतीही नव्हती. बरं झालं, असं आलं. भोगा आता. रिक्षात बसून तिने डोळे मिटले आणि नल्लकुंटा येईपर्यंत ती जवळजवळ शांत होती. आपलं घर त्या घरापासून नऊ किलोमीटर लांब आहे, याचं तिला बरं वाटलं.

विमलाबाई खिडकीशी बसून होत्या. पलंग काढून टाकला होता. लेक आलेली बघून त्या उठल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्या हातात दिलं.

"किती ऊन लागलं गं तुला. पी."

पेला घरातलाच होता. रेणुका लहानपणापासून त्याच पेल्यातून पाणी पीत आली होती, त्याच्यावर बाबांनी खिळ्याने तिचं नाव कोरलेलं होतं. तिने तो ओठांपर्यंत नेला. कड ओली लागली.

तिने पाणी मोरीत ओतलं आणि पेला उलटा केला. मग ठिपक्यावर बोट ठेवलं. बोटाला लाल रंग लागला. तो अजून वाळला नव्हता.